खटल्याऐवजी मेथाडोन: उपयोग किती आणि घोडे अडते कुठे

प्रश्न असा आहे: हेरॉइन वापरणाऱ्यांना पकडून खटले भरण्याऐवजी त्यांना मेथाडोनवर (हेरॉइनच्या जागी डॉक्टर देतात त्या औषधावर) ठेवले तर खरोखर फायदा होतो का, की एक नशा सोडवून दुसरी लावण्याचाच हा सरकारमान्य प्रकार आहे?

फायदा होतो, आणि तो मोजता येण्याइतका मोठा आहे. पण मेथाडोन देणे वेगळे आणि मेथाडोन नीट देणे वेगळे. मध्ये पोलीस आणि कोर्ट आले की हे अंतर आणखी वाढते. ‘मेथाडोन दिले तरी सुधारला नाही’ अशी प्रकरणे तपासली तर बहुतेकांत तीनपैकी एक गोष्ट सापडते: डोस अपुरा होता, उपचाराची मुदत कोर्टाच्या तारखांनी ठरवली होती, किंवा नियम मोडल्याची शिक्षा म्हणून औषधच तोडले होते.

आधी औषध काय करते ते पाहू. हेरॉइनचा असर चार ते सहा तासांत ओसरतो. ओसरू लागला की टर्की सुरू होते: जांभया, नाक-डोळे गळणे, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे ठणकणे, रात्रभर तळमळ. ती थांबवायला पुढची पुडी लागते, म्हणजे माणसाचा दिवस पैसे जमवणे, माल मिळवणे आणि ओढणे किंवा टोचणे यातच संपतो. मेथाडोन हेही अफूच्या जातीचेच, पण पूर्णपणे कृत्रिम औषध. मेंदूतल्या त्याच म्यू-रिसेप्टरवर (पेशीवरच्या ज्या जागी हेरॉइन चिकटते तिथे) ते बसते. फरक आहे तो वेगाचा. तोंडाने घेतल्यावर रक्तातली पातळी दोन ते चार तासांत वर जाते आणि इतकी हळू उतरते की दिवसाला एक डोस पुरतो. योग्य डोसवर स्थिरावलेल्या माणसाला किक बसत नाही आणि टर्कीही येत नाही. वरून हेरॉइन घेतलेच तर रिसेप्टर आधीच व्यापलेले असल्याने त्याचा असर बोथट होतो. दोन-चार वेळा पैसे वाया गेले की बरेच जण तो प्रयोग आपणहून थांबवतात.

‘नशेच्या जागी नशा’ या आक्षेपात एक भाग खरा आहे आणि तो लपवू नये. शरीराचे अवलंबित्व राहते. मेथाडोन एकदम बंद केले तर टर्की येतेच, आणि हेरॉइनच्या टर्कीपेक्षा ती जास्त दिवस रेंगाळते. हे रुग्णाला, घरच्यांना आणि जमल्यास न्यायाधीशांनाही पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. जे जाते ते रोजचे चढ-उतार, सुई, भेसळ, देणी आणि पुढच्या पुडीसाठीची धावपळ. बद्धकोष्ठ, घाम, तोंड कोरडे पडून दात किडणे, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटणे हे त्रास मात्र सोबत येतात. त्यांच्यावर वेळेत उपाय केला नाही तर माणूस त्यांनाच कंटाळून औषध सोडतो.

आता पुरावा. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये २२ रुग्णांवरचा पहिला अहवाल १९६५ मध्ये छापला. इथल्या प्रश्नाशी थेट भिडणारे काम डोल आणि सहकाऱ्यांचे १९६९ चे आहे. हेरॉइनचे जुने व्यसन असलेल्या आणि वारंवार शिक्षा झालेल्या कैद्यांची त्यांनी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. सुटकेच्या आधी ज्या १२ जणांना मेथाडोन सुरू केले, त्यांतल्या तिघांना वर्षभरात पुन्हा शिक्षा झाली. ज्यांना दिले नाही अशा १६ पैकी १५ जणांना झाली. स्वीडनमधला १९८१ चा प्रयोगही छोटाच. दोन्हीकडे १७-१७ माणसे. दोन वर्षांनी मेथाडोनवाल्यांपैकी १२ जण नशा सोडून काम किंवा शिक्षणाला लागलेले होते, तर औषधाविना उपचार मिळालेल्या गटात नशामुक्त एकच. त्या गटातले दोघे तुरुंगात होते आणि दोघे मरण पावले होते.

आकडे छोटे आहेत, म्हणून पुढचे वाक्य महत्त्वाचे. २००९ मध्ये कॉक्रेन या संशोधकांच्या जाळ्याने केलेल्या आढाव्यात ११ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा दोन गोष्टी निर्विवाद ठरल्या: मेथाडोनवरचे लोक उपचारात जास्त टिकतात आणि हेरॉइन कमी घेतात. गुन्ह्यांतली घट मोठी दिसली, तरी चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या तेवढ्याच धरल्या तर ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरत नाही. मृत्यूंच्या बाबतीतही तेच. मेथाडोनचे समर्थक हा तपशील गाळतात आणि विरोधक नेमका तेवढाच उचलतात. मृत्यूंबद्दलचे उत्तर मोठ्या लोकसंख्येच्या पाठपुराव्यातून मिळते, कारण मृत्यू ही शे-दोनशे माणसांच्या चाचणीत मोजण्याजोगी गोष्टच नाही. २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणात मेथाडोनवर असतानाचा मृत्युदर दर १००० व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसांमागे वर्षाला) ११.३ होता आणि उपचार सुटल्यावर ३६.१. निव्वळ ओव्हरडोसचे मृत्यू २.६ विरुद्ध १२.७. सुईने नशा करणाऱ्यांत अशा पर्यायी औषधोपचारामुळे एचआयव्हीची लागण निम्म्याहून कमी होते, असे २०१२ च्या विश्लेषणात दिसले. घट ५४ टक्के होती.

गुन्हे कमी होतात म्हणताना कोणते, तेही सांगायला हवे. कमी होतात ते पुडीच्या पैशासाठीचे: भुरट्या चोऱ्या, खिसे कापणे, घरातल्या वस्तू विकणे, स्वतःचा माल सुटावा म्हणून चार पुड्या दुसऱ्याला पोचवणे. दारू पिऊन केलेली मारहाण मेथाडोनने थांबत नाही. मेथॲम्फेटामिन किंवा कोकेनची ओढही त्याने जात नाही. धंदा म्हणून विक्री करणारा स्वतः व्यसनी नसेल तर त्याचा या पर्यायाशी संबंधच नाही. अशी माणसे या योजनेत घुसवली की आकडे बिघडतात आणि दोष औषधाला मिळतो.

तुलनेची दुसरी बाजू म्हणजे खटला आणि तुरुंग. तुरुंगात हेरॉइन सुटले तरी ओढ तशीच राहते आणि सहनशक्ती (शरीराला किती नशा पेलते ती) मात्र झपाट्याने उतरते. सुटल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि मरतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या सर्व कैद्यांचा पाठपुरावा केला तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सामान्य रहिवाशांच्या १२९ पट आढळला. याउलट इंग्लंडमधल्या २०१७ च्या अभ्यासात सुटकेच्या वेळी पर्यायी औषधावर असलेल्या कैद्यांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या तुरुंगांत, म्हणजे आत असतानाच, असे औषध मिळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ७४ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे खटला टळला नाही तरी मेथाडोन टाळण्याचे कारण उरत नाही.

‘तुरुंग नको, पण सक्तीने केंद्रात डांबून नशा सोडवू’ हा मधला मार्ग अनेकांना पटतो. मलेशियात याची सरळ तुलना झाली आहे. सक्तीच्या केंद्रांतून सुटलेल्यांपैकी निम्मे लोक ३१ दिवसांत पुन्हा हेरॉइन किंवा तत्सम नशेकडे वळले. स्वेच्छेच्या केंद्रात मेथाडोन घेणाऱ्यांत निम्मे घसरायला ३५२ दिवस लागले. संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी २०१२ मध्ये सक्तीची केंद्रे बंद करा असे एकत्र निवेदन काढले होते. यावरून कायद्याचा दबाव अजिबात नको असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अटकेच्या भीतीने दवाखान्यात आलेला माणूसही टिकतो, फक्त औषध घ्यायचे की नाही, कोणते आणि किती हे ठरवताना त्याच्याशी बोलणे झालेले असले पाहिजे.

खटल्याकडून उपचारांकडे वळवायचे कुठे, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. जागा चार आहेत: पोलिसाने पकडल्यावर गुन्हा नोंदवण्याआधी, आरोपपत्राच्या आधी सरकारी वकिलाच्या पातळीवर, कोर्टात खटला स्थगित ठेवून, आणि शिक्षा सुनावताना. जितके आधी तितके बरे. गुन्हा एकदा नोंदला गेला की नोकरी, घर आणि कागदपत्रांच्या अडचणी सुरू होतात, आणि उपचारात टिकण्यासाठी नेमक्या याच गोष्टी लागतात. कोर्टापर्यंत थांबले तर पकडल्यापासून पहिल्या डोसपर्यंत आठवडे जातात. तेवढ्या काळात टर्की कोठडीत निघून गेलेली असते, सहनशक्ती उतरलेली असते आणि बाहेर आल्यावर धोका सर्वांत जास्त असतो.

पोर्तुगालचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि बहुधा अर्धवट दिले जाते. २००१ पासून तिथे स्वतःच्या दहा दिवसांच्या वापराइतका माल बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. हेरॉइनसाठी ही मर्यादा एक ग्रॅम. पकडलेला माणूस तीन सदस्यांच्या समितीपुढे जातो. तो व्यसनी असेल तर समिती त्याला उपचारांकडे वळवते. व्यसनी माणसाला आर्थिक दंड करता येत नाही. विक्री अजूनही गुन्हाच आहे. पण त्याच काळात तिथे मेथाडोन आणि इतर उपचारांचे जाळेही वाढवले गेले. नुसता कायदा सैल करून दवाखाने वाढवले नसते तर सुईमुळे होणारी एचआयव्हीची लागण तिथे जितकी घटली तितकी घटली असती, असे मला वाटत नाही. समितीने चिठ्ठी द्यायची आणि दवाखान्यात प्रतीक्षायादी सहा महिन्यांची, अशा योजनेला पर्याय म्हणता येत नाही. पकडल्यापासून २४ ते ४८ तासांत तपासणी आणि पहिला डोस होणार नसेल तर आधी जागा वाढवाव्यात, मग जाहिरात करावी.

पहिला डोस हा या सगळ्या उपचारातला सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आधी खात्री करायची की माणूस खरोखर अफूजन्य पदार्थांवर अवलंबून आहे. लघवीत मॉर्फिन (हेरॉइनचा शरीरातला अवशेष) सापडणे पुरेसे नाही. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीतही ते येईल. सुईच्या खुणा, वापराचा इतिहास, आणि डोळ्यांनी दिसणारी टर्की हवी: पसरलेल्या बाहुल्या, काटा, जांभया, नाडी वाढलेली. यासाठी ० ते ४८ गुणांची ठरावीक मोजपट्टी वापरतात. टर्की दिसत नसेल तर डोस न देता काही तासांनी पुन्हा पाहावे. मुख्य म्हणजे दारू, झोपेच्या गोळ्या, प्रीगाबालिन (मज्जातंतूंच्या दुखण्यावरची गोळी) यांबद्दल थेट विचारावे. मेथाडोनवरच्या मृत्यूंत या मिश्रणाचा वाटा फार मोठा असतो. खटला टाळायला आलेला माणूस आपली नशा फुगवून सांगतो किंवा निम्मी लपवतो, कारण कशाने फायदा होईल याचा तो अंदाज बांधत असतो. त्यामुळे कोर्टाच्या कागदावर लिहिलेल्या ‘रोज दोन ग्रॅम’वर कधीही डोस ठरवू नये.

सुरुवात १० ते ३० मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी एकूण ४० च्या वर जाऊ नये, आणि तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर पडलेला असेल तर १० वरच थांबावे. नंतर दर तीन-पाच दिवसांनी ५ ते १० मिलिग्रॅम वाढ. घाई का करायची नाही, याचा हिशेब मांडून पाहा. औषधाचे अर्ध-आयुष्य (शरीरातले औषध निम्म्यावर यायला लागणारा काळ) सरासरी २४ ते ३६ तास असते. एखाद्याचे ८ तास, एखाद्याचे ५९ तासही निघते. ते ३६ तास धरले आणि रोज ३० मिलिग्रॅम दिले, तर आदल्या दिवशीचे ६३ टक्के औषध दुसऱ्या दिवशी शिल्लक असते. सहाव्या डोसनंतर शरीरात सुमारे ७५ मिलिग्रॅमइतका साठा होतो. डोस एका थेंबानेही वाढवलेला नसताना! दुसऱ्या दिवशी ‘पुरत नाही’ म्हणून दुप्पट केला तर चौथ्या-पाचव्या रात्री झोपेत श्वास थांबण्याची भीती असते. मेथाडोन सुरू केल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत धोक्याचे असतात ते याचमुळे.

डोस बरोबर आहे की नाही हे पाहण्याची वेळही ठरलेली आहे. पुढच्या डोसच्या आधी रुग्ण कसा आहे हे सगळेच विचारतात. डोसनंतर तीन तासांनी कसा आहे हे फार थोडे पाहतात, आणि झोपाळलेपणा दिसतो तो तेव्हा. तिसऱ्या तासाला पेंगत असेल तर सकाळी टर्की असली तरी डोस वाढवू नये. साठा होऊ द्यावा. घरच्यांना आणि कोठडीतल्या शिपायाला एक खूण सांगून ठेवावी: मोठ्याने, घरघर वाजणारे घोरणे आणि हलवूनही जाग न येणे ही गाढ झोप नसून ओव्हरडोस आहे. नॅलोक्सोन (ओव्हरडोसवरचा उतारा) द्यावे आणि माणसाला इस्पितळात हलवावे. नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, मेथाडोनचा त्याच्या कितीतरी पट. शुद्धीवर आला म्हणून पुन्हा कोठडीत नेऊन झोपवला तर तो दुसऱ्यांदा बेशुद्ध होतो आणि तेव्हा कोणाचे लक्ष नसते.

टिकण्याचा डोस बहुतेकांना ६० ते १२० मिलिग्रॅम लागतो. ४० वर अडकवून ठेवलेले रुग्ण वरून हेरॉइन घेत राहतात आणि मग ‘उपचाराला प्रतिसाद नाही’ असा शेरा मिळतो. कमी डोस म्हणजे सुरक्षित डोस हा समज डॉक्टरांतही आहे आणि कोर्टात तर फारच. फेंटानिल (हेरॉइनहून कितीतरी जहाल कृत्रिम औषध) मिसळलेला माल वापरणाऱ्यांना जास्त डोस लागू शकतो आणि तिथपर्यंत पोचताना सावधगिरीही जास्त लागते. डोस लिहिताना नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहावा. सिरप १, ५ आणि १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. ‘१० मिलि’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी एका ठिकाणी १० मिलिग्रॅम होते आणि दुसरीकडे १००.

इतर औषधांचा हस्तक्षेप हा नेहमी हुकणारा मुद्दा आहे, कारण या रुग्णांना क्षयरोग आणि एचआयव्ही दोन्ही सोबत असू शकतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन, फिटवरची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन, एचआयव्हीवरची एफाविरेंझ व नेविरापिन यांनी मेथाडोनची पातळी पडते आणि आठवडाभरात टर्की येते. क्षयाचे औषध सुरू होताच रुग्ण पुन्हा गर्दकडे वळला, तर त्यात त्याची नियत खोटी असण्यापेक्षा डोस अपुरा पडला असण्याची शक्यता जास्त. फ्लुकोनाझोल, फ्लुव्होक्सामिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांनी उलट पातळी चढते. हृदयाच्या ठेक्यावरही मेथाडोनचा परिणाम होतो. ईसीजीत क्यूटीसी (हृदयाच्या एका ठोक्याच्या विद्युत क्रियेचा काळ) ५०० मिलिसेकंदांपुढे गेला तर डोस कमी करणे किंवा औषध बदलणे भाग आहे. ४५० ते ५०० च्या दरम्यान वारंवार तपासणी आणि रुग्णाशी स्पष्ट बोलणे.

चुकलेले डोस हा क्लिनिक आणि कोर्ट यांच्या भांडणाचा नेहमीचा विषय. एक-दोन दिवस चुकले तर नेहमीचा डोस चालतो. सलग तीन-चार दिवस गेले की निम्म्यावर येऊन पुन्हा चढवायचे. पाच किंवा जास्त दिवस गेले तर नव्या रुग्णासारखी सुरुवात, कारण सहनशक्ती उतरलेली असते. आता कोर्टाची तारीख सकाळी अकराची, क्लिनिक उघडे दहा ते बारा, आणि दोन्ही शहराच्या दोन टोकांना. ठरवून कोणी केलेले नसते, पण माणसाने एक तरी नियम मोडावा अशीच ही आखणी असते. यावर उपाय साधाच आहे: डोसची खिडकी सकाळी लवकर उघडावी आणि तारखेच्या दिवशीची हजेरी क्लिनिकने कळवली तर कोर्टाने ती धरावी.

दोन संस्थांमध्ये माहितीची देवाणघेवाण किती, हे पहिल्या रुग्णाआधी लेखी ठरलेले हवे. माझ्या मते कोर्टाला तीनच गोष्टी कळाव्यात: माणूस उपचारात आहे का, येतो का, आणि बाहेर पडला असेल तर कधी. समुपदेशकाला त्याने काय सांगितले आणि लघवीत काय सापडले हे कोर्टाकडे गेले की रुग्ण खरे बोलणे थांबवतो. खरे न बोलणाऱ्याचा डोस सुरक्षितपणे ठरवता येत नाही. झोपेच्या गोळ्या खाल्ल्याचे तो सांगणार नाही आणि आपण वाढीव डोस देऊन मोकळे होऊ.

लघवीच्या तपासणीबद्दल वकील आणि न्यायाधीश दोघांचाही गोंधळ असतो. ‘ओपिएट’ची नेहमीची पट्टी मॉर्फिन-कोडीन ओळखते, मेथाडोन त्यावर उमटत नाही. त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह आली तर ‘मेथाडोनमुळे आली’ हा बचाव चुकीचा, आणि निगेटिव्ह आली म्हणून ‘मेथाडोन घेत नाही’ हा आरोपही चुकीचा. मेथाडोन घेतले का हे पाहायला वेगळी पट्टी लागते, आणि लघवीच्या बाटलीत वरून नुसते औषध टाकून दिलेले नाही ना हे तपासायचे तर ईडीडीपी हा शरीरात तयार होणारा घटक शोधावा लागतो. खोकल्याच्या औषधातले कोडीन आणि खसखसही ओपिएटची पट्टी पॉझिटिव्ह करू शकतात. नक्की हेरॉइनच हे सांगणारा घटक म्हणजे ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन, पण तो जेमतेम एक दिवसभर सापडतो. एका पट्टीवर कोणाचा जामीन रद्द करण्याआधी प्रयोगशाळेची खातरजमा मागितलीच पाहिजे.

आणि पॉझिटिव्ह आली तर करायचे काय? उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत ती येणारच. रोज चार वेळा घेणारा आठवड्यातून एकदा घेऊ लागला तर वैद्यकीय हिशेबाने ती मोठी सुधारणा आहे, कोर्टाच्या हिशेबाने मात्र तो उल्लंघनच करतो. इथे योग्य प्रतिसाद म्हणजे डोस पुरतो का ते पाहणे आणि घरी न्यायचे डोस काही काळ थांबवून रोज समोर पाजणे. डोस कापणे हा सर्वांत वाईट प्रतिसाद; ज्याला पुरत नव्हते त्याचे आणखी काढून घेतले तर तो पुडीकडेच जाणार. आणि उपचारातून काढून टाकणे म्हणजे त्याला मृत्युदराच्या ११.३ वाल्या रकान्यातून ३६.१ वाल्या रकान्यात ढकलणे. कोर्टाला शिक्षा द्यायचीच असेल तर ती डोसला हात न लावता द्यावी: जास्त हजेऱ्या किंवा समाजसेवेचे तास.

घरी न्यायच्या डोसबाबत माझे मत मध्यम आहे. पहिले काही आठवडे रोज समोर पाजावे आणि पाजल्यावर पाणी प्यायला व दोन वाक्ये बोलायला लावावे, म्हणजे तोंडात धरून बाहेर नेता येत नाही. नंतर स्थिर माणसाला घरी डोस दिलाच पाहिजे, नाहीतर त्याची नोकरी क्लिनिकच खाते. अट एकच: कुलूप लागणारा डबा. मोठ्या माणसाचा एक डोस लहान मुलाचा जीव घेतो, आणि गोड सिरप मुले सहज पितात. थोडे औषध बाजारात जातेच. ते विकत घेणारे बरेचसे लोक टर्की टाळण्यासाठीच घेतात, यावरून त्या भागात उपचाराच्या जागा कमी पडत आहेत हेही कळते.

ज्यांना रोजची रांग जमत नाही, क्यूटीसी वाढलेला आहे किंवा झोपेच्या गोळ्या सुटत नाहीत, त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या पर्यायी औषधाचा विचार आधी करावा. एका मर्यादेनंतर त्याचा श्वासावरचा परिणाम वाढत नाही, म्हणून सुरुवातीचे दिवस कमी धोक्याचे. गोळ्यांसोबत मात्र तेही निर्धोक नाही. पहिला डोस स्पष्ट टर्की सुरू झाल्यावरच द्यायचा, साधारणपणे शेवटच्या हेरॉइननंतर १२ तासांच्या पुढे; आधी दिला तर ते रिसेप्टरवरून हेरॉइनला हुसकावते आणि भयानक टर्की एका झटक्यात येते. मेथाडोनवर मात्र लोक जास्त टिकतात. आठवड्याच्या आणि महिन्याच्या इंजेक्शनांमुळे ब्युप्रेनॉर्फिन कोर्टांना सोयीचे वाटते, पण निवड रुग्ण आणि डॉक्टरांची असावी. गरोदर बाईला टर्कीतून नेण्यापेक्षा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणे सुरक्षित. शेवटच्या तिमाहीत मेथाडोन दोन डोसांत विभागावे लागू शकते. दोन्ही औषधे वारंवार फसलेल्यांसाठी स्वित्झर्लंडने १९९४ पासून देखरेखीखाली शुद्ध हेरॉइन देण्याचाही मार्ग ठेवला आहे. त्याची गरज मोजक्यांनाच पडते.

अटक झालीच तर? मेथाडोनवरचा माणूस दुसऱ्या प्रकरणात कोठडीत गेला की २४ ते ३६ तासांत टर्की सुरू होते. क्लिनिकने त्याच्या खिशात एक चिठ्ठी कायम ठेवायला द्यावी: औषध, डोस मिलिग्रॅममध्ये, क्लिनिकचा संपर्क. कोठडीतल्या डॉक्टरने शेवटचा डोस कोणत्या तारखेला समोर पाजला हे क्लिनिककडून पक्के करूनच पुढचा द्यावा. रुग्णाच्या शब्दावर ९० मिलिग्रॅम दिले आणि तो आठवडाभर क्लिनिकला आलाच नव्हता असे निघाले, तर तो कोठडीतला मृत्यू ठरतो. सुटकेच्या दिवशी पुढचा डोस कुठे, किती वाजता हे कागदावर लिहून द्यावे. शुक्रवारी संध्याकाळी सुटका आणि सोमवारी क्लिनिक, ही फट भरायला एक-दोन दिवसांचा डोस आणि नॅलोक्सोनचा संच सोबत द्यावा.

शेवटी मुदत. खटला स्थगित ठेवण्याचा काळ बहुधा सहा महिने ते वर्षभराचा असतो आणि त्यासोबत मेथाडोनही संपावे अशी अपेक्षा असते. वर्षाच्या आत बंद केलेल्यांत बहुतेकांची घसरण होते. पहिल्या वर्षात साधारण निम्मे लोक एकदा तरी उपचारातून गळतात, त्यामुळे परतीचा दरवाजा त्याच दिवशी उघडणारा हवा. थांबायचे असेलच तर रुग्णाच्या इच्छेने, घर-काम स्थिर झाल्यावर, दर दोन ते चार आठवड्यांनी फार तर दहा टक्के कमी करत, आणि २०-३० मिलिग्रॅमच्या खाली त्याहून हळू. ओढ परतली तर मागच्या पायरीवर जायचे. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. केस बंद झाली म्हणून कोर्टाने उपचाराचा खर्च थांबवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. म्हणून केस संपल्यावर औषध कोण देणार आणि पैसे कोठून येणार हे योजनेच्या पहिल्या कागदावरच लिहिलेले असावे. योजनेचा हिशेबही ‘किती जण मेथाडोनवरून सुटले’ असा मांडू नये. बारा महिन्यांनी किती जण उपचारात आहेत, किती जण जिवंत आहेत, किती जणांना पुन्हा अटक झाली आणि किती जण गळून परत आले, हे चार आकडे नावे न देता दर तिमाहीला जाहीर केले तर योजना कुठे अडते ते वर्षभरात दिसते.